नॉर्बी हायस्कूलचे तीन तारे

नॉर्बी, मिनेसोटा
१४ सप्टेंबर २०१४

प्रिय जॉयलीन,

तुझा फोन ठेवल्यावर मला दर वेळी आठवतं की मलाही काहीतरी सांगायचं होतं. मी मोठी बहीण, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात निदान माझी पाळी येते, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक. डावा गुडघा दुखतो, पण उजवा बरा आहे.

बातमी अशी की आपलं हायस्कूल बंद करायचं की ब्रॅडॉकचं, हे डिसेंबरात ठरणार आहे. दोन्ही गावांचं शाळा मंडळ एकच, आणि दोन्हीकडे मुलं कमी होत चालली आहेत. आपल्याकडे चारही वर्गांत मिळून शहाण्णव उरली, त्यांच्याकडे एकशे चार. एकच शाळा ठेवायची असं मंडळाने ठरवलंय. आपली गेली तर आपल्या मुलांना एकतीस मैल बसने जावं लागेल, आणि हिवाळ्यात तो रस्ता कसा असतो ते तुला माहीत आहे. मी त्या कचेरीच्या खिडकीत चौतीस वर्षं बसते आहे. शाळा गेली तर सकाळी उठून कुठे जायचं हे मला माहीत नाही. हे फक्त तुला लिहिते, कोणाकडे बोलू नकोस.

मंडळाने शहरातून एक सल्लागार आणलाय, पलुंबो नावाचा. परवा तो कचेरीत आला. मी कॉफी घेणार का विचारलं, तर तो लगेच ‘हो’ म्हणाला. पहिल्याच खेपेला. मी अजून दोनदा विचारायच्या तयारीत होते, त्यामुळे कप हातात नव्हता, माझा अगदी गोंधळ उडाला. पण माणूस वाईट नसावा, वाढवलेलंच तसं असेल.

तो म्हणाला, इमारती आणि मुलांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे, त्यामुळे पालक आणि विद्यार्थी आपल्या शाळेबद्दल काय म्हणतात ह्याला वजन येणार. इंटरनेटवर एक जागा आहे म्हणे, तिथे कोणीही आपल्या शाळेबद्दल मत लिहायचं आणि एक ते पाच तारे द्यायचे. तो गेल्यावर मी ती उघडून बघितली. जॉयलीन, मला उठून कचेरीचं दार लावून घ्यावं लागलं. एक्केचाळीस जणांनी लिहिलंय, आणि जवळजवळ प्रत्येकाने तीन तारे दिलेत. एवढं उघड कौतुक मी ह्या गावात कधी ऐकलं नव्हतं. ऑर्व्हिल ट्वाइटने लिहिलंय, ‘चारही मुलं इथे शिकली. तक्रारीला जागा नाही.’ आपल्या पाद्रीबाईंनी तर चार तारे दिले होते, पण दुसऱ्या दिवशी त्यांनाच जास्त वाटलं असावं, तीन केले. बारावीतल्या सिग्ना लुंडने लिहिलंय, ‘इथे कंटाळा येतो. पण कंटाळलेली दिसले की का कंटाळलीस म्हणून कोणीतरी विचारतं.’ तिचेही तीन.

ब्रॅडॉकचंही बघितलं. त्यांना चार पूर्णांक आठ. ‘आयुष्य बदलून टाकणारी शाळा’, ‘अख्ख्या राज्यात तोड नाही’, असलं काय काय. वाचून त्यांच्या वतीने मलाच लाज वाटली. पलुंबो शिकलेला माणूस आहे, त्याला फरक कळेलच.

थंडी सुरू झाली, पण अजून बोलण्यासारखी नाही.

तुझी,
आर्डिस


ॲरिझोना
२३ सप्टेंबर २०१४

अगं आर्डिस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोक्याला हात लावला. तू दार लावून घेतलंस ते आनंदाने, हे वाचून तर मला खुर्चीत बसावं लागलं.

नीट ऐक. मी बावीस वर्षं घरं विकते आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरण्याआधी विचारतं, इथल्या शाळेला तारे किती. छत गळतं का हे ते नंतर विचारतात. चारच्या खाली शाळा असली तर ते उतरतच नाहीत, खिडकीची काच वर करतात. तीन तारे म्हणजे बाहेरच्या जगात काय माहीत आहे? तीन म्हणजे पोरं शिक्षकांना बाकं फेकून मारतात आणि वर्गात उंदीर फिरतात. तुमचा तो पलुंबो तक्ता काढणार, एका बाजूला तीनच्या आतला आकडा, दुसऱ्या बाजूला चार पूर्णांक आठ. ‘तक्रारीला जागा नाही’ हे तो वाचणारसुद्धा नाही. आणि वाचलं तरी त्याला ते नॉर्बीचं प्रेमपत्र आहे हे कसं कळणार?

सगळ्यांना गोळा कर आणि पाच-पाच तारे द्यायला सांग. नोव्हेंबर संपायच्या आत. खोटं बोलायला सांगत नाही मी, फक्त खरं जरा मोठ्याने बोला.

आणि तू स्वतः किती दिलेस ते कळव. तू त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाहीस, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

जॉयलीन


नॉर्बी
५ ऑक्टोबर २०१४

प्रिय जॉयलीन,

तुझ्या पत्रातला तो उंदरांचा भाग मला आवडला नाही. आपल्या शाळेत उंदीर एकदाच आला होता, ब्याऐंशी साली, आणि तो शेतातून आला होता.

तरीही तू म्हणालीस म्हणून मी रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, विषय काढला. पस्तीसेक माणसं होती. मी उभी राहून सांगितलं की शहरातले लोक तीन तारे म्हणजे वाईट समजतात, तेव्हा ज्यांना शक्य असेल त्यांनी पाच द्यावेत. मग एल्ना ब्राटनने, त्या निवृत्त इंग्रजीच्या बाई गं, भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचा डाव भांड्यात ठेवला आणि म्हणाली, ‘वेगळीच कल्पना आहे.’ त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. इथे ‘वेगळीच’ म्हणजे काय ते तू विसरली नसशील. त्यापेक्षा मला वेडी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऑर्व्हिल मागाहून माझ्यापाशी आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, ‘आर्डिस, पाच दिले तर मग सुधारायला जागा कुठे राहिली? पोरांना काय वाटेल?’ त्यात तथ्य आहे असं मला वाटलं. मग त्याने मला विचारलं, तो ज्या ट्रॅक्टरवर एकोणतीस वर्षं बसतोय त्यालाही तो तीनच देईल, तर शाळेला पाच दिल्यावर ट्रॅक्टरने काय समजायचं.

मग मी सिग्नाला विचारलं. म्हटलं पोरं तरी नव्या जमान्याची असतात. ती म्हणाली, ‘बाई, मला ही शाळा आवडते म्हणून तर तीन दिले. नाहीतर लिहिलंच नसतं काही.’ आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला परीक्षेत कॉपी करायला सांगत होते.

मी स्वतः अजून काही लिहिलेलं नाही. कचेरीतल्या बाईने आपल्याच शाळेला तारे देणं बरं दिसत नाही.

आर्डिस


ॲरिझोना
१६ ऑक्टोबर २०१४

आर्डिस,

तुझं पत्र आलं आणि मला सत्याहत्तर साल आठवलं. तुला आठवतं का ते माहीत नाही, तू तेव्हा कॉलेजात होतीस. वक्तृत्वात मी राज्यात पहिली आले होते. अख्ख्या राज्यात, आर्डिस. सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, पण आधी सापडलेल्या हातमोज्यांची यादी वाचली. तेरा हातमोजे, मग मी. संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, ‘बरं झालं. वेळेत संपवलंस.’ आणि लोणी मागितलं. त्या रात्री मी ठरवलं की जिथे माणसं तोंड उघडून बोलतात तिथे जाऊन राहायचं. तुम्हाला वाटतं मी उन्हासाठी इकडे आले.

इथे माझी शेजारीण मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला तरी म्हणते, तू अप्रतिम आहेस. मला ठाऊक आहे ती कोणालाही म्हणते. तरी बरं वाटतं, काय करणार.

तुम्ही सगळे हाताची घडी घालून बसा आणि शाळा जाऊ द्या. नाहीतर असं कर, तू काहीच करू नकोस, मी माझ्या पद्धतीने बघते. सध्या घरं खपत नाहीत आणि ऑफिसात चार मुली नखं रंगवत बसल्यात. जास्त विचारू नकोस.

जॉयलीन


नॉर्बी
९ नोव्हेंबर २०१४

प्रिय जॉयलीन,

इकडे भयंकर प्रकार झाला आहे. तुला लिहायला उशीर झाला कारण मला काही सुचत नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या शाळेबद्दल एकाएकी बारा नवी मतं आली, सगळी पाच ताऱ्यांची. ‘जागतिक दर्जाचं शिक्षण’. ‘माझ्या लेकराचं सोनं झालं’. एकीने लिहिलंय, ‘पोहण्याचा तलाव तर काय वर्णावा’. आपल्याकडे पोहण्याचा तलाव नाही. मागे डबकं आहे, ज्यात ट्वाइटांची गाडी रुतली होती, पण त्याचं वर्णन कोणी करेल असं वाटत नाही. खाली नावं आहेत, ब्रिटनी, टिफनी, असली. गावात त्या नावाचं कोणी नाही. मी तीस वर्षांचे पट काढून तपासले.

दोन दिवसांत गावभर झालं. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, कोण बढाया मारतंय. पाद्रीबाईंनी रविवारच्या प्रवचनात नम्रतेचा विषय घेतला, आणि त्या बोलत असताना सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ब्रॅडॉकवाले हसत असतील ह्या विचाराने लोकांच्या घशाखाली घास उतरेना. आणि मग काय केलं असेल गावाने? तो कौतुकाचा डाग पुसून काढायला एकेक जण घरी जाऊन दोन-दोन, एक-एक तारा देऊन आला. ऑर्व्हिलने आपले तीनचे दोन केले. त्याने मला स्वतः सांगितलं, म्हणाला, ‘कोणीतरी तोल सावरायला हवा होता.’ एल्नाने एक दिला आणि खाली लिहिलं, ‘शाळा उत्तम आहे, पण एवढीही नाही.’

आता आपण दोन पूर्णांक सहावर आहोत. आधी दोन पूर्णांक नऊवर होतो.

तू बाबांबद्दल लिहिलंस ते मी घेऊन बसले आहे. मी त्या आठवड्यात घरी आले होते. तुला माहीत नाही ते सांगते. तू बक्षीस घेऊन आलीस त्या आठवड्यात बाबा चार वेळा पेंडीच्या दुकानात गेले. गोठ्यात पेंड भरपूर होती. ते नुसते तिथे बाकावर बसून राहायचे, कोणीतरी तुझा विषय काढेपर्यंत. कोणी काढला की म्हणायचे, ‘हो, झालं खरं तसं काहीतरी,’ आणि घरी यायचे. चौथ्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने आईला फोन करून विचारलं की जनावरं आजारी आहेत का. तुला कोणी सांगितलं नाही ते चुकलंच. मीही सांगितलं नाही.

आर्डिस


ॲरिझोना
१७ नोव्हेंबर २०१४

आर्डिस,

ब्रिटनी मी आहे. टिफनीही मीच, आणि तलाव ऑफिसातल्या एका मुलीने घातला, तिला वाटलं हायस्कूल म्हटलं की असणारच. बाकीच्या त्या चौघींनी वाटून घेतल्या. हे तुला कळलं असेलच. नसेल कळलं तर तू माझ्याबद्दल फारच चांगलं मत ठेवून आहेस.

मला चांगलं करायचं होतं आणि मी वाट लावून ठेवली. मी चाळीस वर्षांत विसरले की तिथे कोणाचं कौतुक केलं की त्याला आंघोळ करावीशी वाटते.

बाबांचं वाचून मी गाडीत जाऊन बसले आणि रडले. चोपन्न वर्षांची बाई मी, बाहेर पंचवीस अंश ऊन, आणि मी पेंडीच्या दुकानासाठी रडतेय. मला ते तेव्हा हवं होतं, आर्डिस. आत्ताही चाललं, पण तेव्हा हवं होतं.

मंडळाची सभा नऊ डिसेंबरला आहे असं मी वर्तमानपत्राच्या इंटरनेटवरच्या पानावर वाचलं. मी येऊ का? मला बोलता येतं, तेवढं एक येतं. मी उभी राहून त्या पलुंबोला सांगेन की ह्या लोकांचे तीन म्हणजे काय. तू म्हणालीस तर आज तिकीट काढते.

जॉयलीन


नॉर्बी
२४ नोव्हेंबर २०१४

प्रिय जॉयलीन,

नको गं, एवढ्या लांबून कशाला येतेस. बर्फ आहे, विमानं उशिरा येतात, आणि तुझ्याकडे आता जाड कोटही नसेल. आमचं आम्ही बघू.

ब्रिटनीबद्दल मी कोणाला सांगितलेलं नाही.

आर्डिस


नॉर्बी
१२ डिसेंबर २०१४

प्रिय जॉयलीन,

झालं. तुला वर्तमानपत्रातून कळण्याआधी मीच लिहिते.

सभा आपल्या व्यायामशाळेत होती. दोनशे दहा माणसं आली. गावात एवढी आहेत हे मला माहीत नव्हतं. प्रत्येकीने काहीतरी भाजून आणलं होतं, शेवटी टेबलांना जागा उरली नाही. मी पुढे मंडळाच्या टेबलाशी इतिवृत्त लिहायला बसले होते, नेहमीप्रमाणे.

पलुंबोने पडद्यावर तू म्हणाली होतीस तसाच तक्ता दाखवला. एका बाजूला आमचा दोन पूर्णांक सहा, दुसऱ्या बाजूला त्यांचा चार पूर्णांक आठ. पण तो खरंच वाईट माणूस नाही. तो म्हणाला, आकडे काहीही असोत, मला गावाच्या तोंडून ऐकायचंय. आणि त्याने सरळ विचारलं, ‘नॉर्बीचं हायस्कूल चालू राहावं असं तुम्हाला वाटतं का?’

मग ऑर्व्हिल उभा राहिला. त्याचा आजा, बाप, तो आणि त्याची मुलं ह्याच शाळेतली, तेव्हा सगळ्यांच्या वतीने त्यानेच बोलायचं हे न ठरवता ठरलेलं होतं. तो टोपी फिरवत म्हणाला, ‘नको, आमच्यासाठी एवढी उठाठेव कशाला. पोरं जातील की बसने.’ आणि बसला.

व्यायामशाळेतल्या प्रत्येक माणसाला ते बरोबर कळलं. ते पहिलं ‘नको’ होतं. आता पलुंबो पुन्हा विचारणार, मग ऑर्व्हिल म्हणणार की तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू द्या, मग तो तिसऱ्यांदा विचारणार, आणि मग एल्ना ब्राटन उठणार. तिच्या पर्समध्ये चार पानांचं भाषण होतं. तिने ते तीन आठवडे लिहिलं होतं, मी टंकलेखन करून दिलं होतं. त्यात सगळं होतं. तिने पर्सची कडी उघडली तो आवाज मी ऐकला. सिग्ना माझ्याकडे बघत होती.

पलुंबोने खाली बघितलं. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. तो म्हणाला, ‘तुम्ही हे इतक्या समजूतदारपणे घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे,’ आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग मंडळाने मतं घेतली. चार विरुद्ध तीन. पुढच्या जूनपासून आपली शाळा बंद.

पुढच्या दहा मिनिटांत कॉफी वाटली गेली, आणि सगळे एकमेकांना म्हणत होते की निदान सभा लांबली नाही.

जॉयलीन, माझ्या हातात पेन होतं. मी लिहिलं, ‘नॉर्बीच्या रहिवाशांनी हरकत घेतली नाही.’ ते लिहिताना मला माहीत होतं की हे खोटं आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं, आणि शिवाय मला कोणी विचारलं नव्हतं. चौतीस वर्षांत मी तिथे बसून एवढं मोठं खोटं कधी लिहिलं नाही. आणि ते माझ्या स्वच्छ अक्षरात आहे.

आर्डिस


ॲरिझोना
२० डिसेंबर २०१४

आर्डिस,

तुझं पत्र वाचून मी आधी पलुंबोला शिव्या दिल्या, मग ऑर्व्हिलला, मग तुला. तू उठून एवढंच म्हणायचं होतंस की परत विचारा. दोन शब्द. दोन शब्दांनी शाळा वाचली असती आणि तुझ्या गळ्यातून ते दोन शब्द निघाले नाहीत, हे मला पटत नाही, आणि पटतंही.

मग तुझं आधीचं पत्र हातात आलं. चार ओळींचं. ‘नको गं, एवढ्या लांबून कशाला येतेस.’ तुझा जाड कोटाचा शेरा वाचून मी तेव्हा हसले होते आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, सुटले. मी तिकीट काढलं नाही. तुला मी यायला हवं होतं, होय ना? ते पहिलं ‘नको’ होतं. आणि मी, नॉर्बीत जन्मलेली, त्याच तळघरात कॉफीला दोनदा नको म्हणायला शिकलेली, मी एकदाच विचारलं आणि विषय संपवला. मग पलुंबोला काय बोलू?

तू माझ्याकडे ये. उन्हाळ्यात शाळा संपली की ये. ये. खरंच ये. मोजून तीनदा विचारलंय, आता नको म्हणालीस तर मीच विमानाने येऊन तुला उचलून आणीन.

जॉयलीन


नॉर्बी
१९ ऑगस्ट २०१५

प्रिय जॉयलीन,

डिसेंबरात तू तीनदा विचारलंस, मला उत्तराला आठ महिने लागले, पण आता यावंच लागणार. ऑक्टोबरात येते. कोणता कोट आणू ते कळव.

कचेरीतलं माझं काम ह्या महिनाअखेर संपतं. सध्या एकटीच असते, खोकी भरते. बाकं आणि खुर्च्या ब्रॅडॉकने नेल्या. सिग्ना मेमध्ये पास झाली, आपल्या शाळेतून निघालेली शेवटची तुकडी तिची. तिच्या धाकट्या भावाला आता सकाळी सहाला बस पकडावी लागेल.

तुला एक सांगायचं होतं. परवा मी कामाच्या मधे सहज ती ताऱ्यांची जागा उघडली. आपल्या शाळेची पाटी अजून तिथे आहे. जूनपासून त्रेसष्ट नवी मतं आली आहेत, आणि सगळी पाच ताऱ्यांची. मला आधी तुझाच संशय आला, क्षमा कर. पण खाली नावं आपली आहेत, एकूण एक. आता शाळाच नाही म्हटल्यावर कोणाला बढाईचा दोष लागत नाही, म्हणून लिहिलं असावं. ऑर्व्हिलने लिहिलंय, ‘माझा दुसरा मुलगा तोतरा बोलायचा. चार वर्षांत ह्या शाळेत त्याला एकही माणूस हसला नाही. मी हे शिक्षकांना कधी सांगितलं नाही.’ एल्नाने आपलं भाषण तुकडे करून सगळं तिथे उतरवलंय, एका वेळी मावत नाही म्हणून सात भागांत. सिग्नाने एकच ओळ लिहिली आहे, ‘मला परत जायचंय.’ ज्यांनी ते एक-एक, दोन-दोन तारे दिले होते त्यांनी ते काढून टाकले. आता आपण चार पूर्णांक नऊवर आहोत. ब्रॅडॉकच्या वर. पाच ताऱ्यांखालची यादी मी छापून घेतली, तुझ्यासाठी एक प्रत सोबत आहे.

मी माझे तारे अजून दिलेले नाहीत.

आज सकाळी कचेरीच्या दारात तिघं आली. नवरा, बायको आणि चौदा वर्षांची मुलगी, शहरातून. मुलीला तिथल्या मोठ्या शाळेत कोणीतरी छळत होतं, असं आई हळू आवाजात म्हणाली, ती चार महिने घराबाहेर पडत नव्हती. म्हणून त्यांनी लहान गावातली चांगली शाळा शोधायला घेतली. हातात आपल्या शाळेच्या ताऱ्यांचं छापलेलं पान होतं. त्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक करड्या अक्षरांत, शाळा कायमची बंद झाल्याचं लिहिलेलं असतं. ते त्यांनी बघितलं नव्हतं. ट्वाइटांच्या शेजारचं घर त्यांनी गेल्या आठवड्यात घेऊन टाकलंय.

बाप जरा संकोचला. म्हणाला, ‘इंटरनेटवर काय, कोणीही काहीही लिहितं. तुम्ही इथे काम करता, तुम्हीच सांगा. खरंच एवढी चांगली आहे का शाळा?’

चौतीस वर्षांत मला हे समोरासमोर कोणी विचारलं नव्हतं, जॉयलीन. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी टेबलाची कड धरली आणि म्हणाले, ‘फार चांगली होती. इथे कोणी मूल एकटं जेवायला बसलं तर दोन मिनिटांत कोणीतरी त्याच्याशेजारी ताट घेऊन जायचं. कोणाला सांगावं लागायचं नाही. माझं ह्या शाळेवर प्रेम होतं.’ माझा आवाज मोठा झाला होता, रिकाम्या खोलीत तर जास्तच.

मुलीचा चेहरा बदलला. ती हसली नाही, पण तिने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

‘होती म्हणजे?’ बापाने विचारलं.

मी त्यांना बसायला सांगितलं. कचेरीत दोनच खुर्च्या उरल्या होत्या, त्यामुळे मुलगी उभीच राहिली.

तुझी,
आर्डिस